चतुःसीमा

देवगडला, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसखाली,
पानवाल्याच्या शेजारी माझं टेबल.
पाटीवर दस्तलेखन, टायपिंग, झेरॉक्स.
सल्ला असं कुठे लिहिलेलं नाही,
लोक मात्र तोच मागतात
आणि झेरॉक्सचे पैसे देऊन निघतात.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे झालं ना?
नाही हो. तो साऱ्याचा कागद.
आधी तीस वर्षं मागे जा, शोध घ्या,
विकणाऱ्याला तरी कुणी विकलं होतं ते बघा.

साठेखत झालंय, पैसे दिलेत, कब्जासुद्धा आहे.
म्हणजे साखरपुडा झालाय.
लग्न वरच्या मजल्यावर लागतं,
अंगठा, फोटो आणि दोन साक्षीदारांसमोर.

ठाण्याचे टिळेकर आले,
गाडीच्या पायपुसण्यावर अजून वाळू.
कड्यावर दीड एकर, समोर पाणी.
क्लिअर आहे ना सगळं?
मी उतारा उजेडाकडे धरला.
सामाईकात एकोणीस नावं,
अकरा वारलेली, एक मस्कतला,
एक नुसतीच ‘बाबी’,
कुणाची कोण ते वाळवीला माहीत.
इतर हक्कात तारकरांचा फणस:
जमीन तुमची होईल, झाड त्यांचं राहील,
कुयरी काढायला ते तुमच्या अंगणात येतील
आणि तुम्हालाही एक देतील, मर्जी असली तर.
विहिरीत चार आणे पाणी घाड्यांचं.
खालून तांडेलांची जाळी न्यायची वाट,
ती कागदावर नाही,
पण तिच्यावर कुंपण घालू नका.
कोर्टात असली वाट उभी राहते.

आणि बंगला?
भरतीरेषेपासून मोजा.
कुठल्या भरतीच्या?
नकाशातल्या.
शेतकरी दाखला आहे तुमच्याकडे?
टिळेकरांनी गाडीची किल्ली
एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मी चतुःसीमा टाइप करते तेव्हा
पूर्वेस पाणंद, दक्षिणेस जांभ्याचा गडगा,
उत्तरेस हिस्सा नंबर चार, पश्चिमेस समुद्र.
इतकी वर्षं लिहितेय पश्चिमेस समुद्र.
तो कधी मोजणीला हजर राहिला नाही,
नोटीस घेतली नाही,
हरकतही नोंदवली नाही.
दर वर्षी थोडा आत येतो.

मंगळवारी वैजयंतीबाई आल्या,
दोन भाऊ घेऊन. खरं तर भाऊ तिला घेऊन.
उताऱ्यात इंदिरा रघुनाथ घाडी,
आधारवर वैजयंती मोहन पुरळकर.
मध्ये मी ‘ऊर्फ’ घातलं
आणि दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र.
भाऊ चहा सांगायला गेले.
हक्कसोडपत्र बोटांना पाठ आहे,
वाचूनही तसंच दाखवलं, एका दमात:
प्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय.

‘थांब गो बाये,’ ती म्हणाली.
‘ह्या प्रेम कोणाचा? माझा काय तेंचा?’

माझी सही दोन हजार चारची.
मजकूर हाच, टायपिंगही माझंच.
दडपणातला ड राहून गेला होता,
दस्त तरीही नोंदला गेला.

‘सही नाय केलंय तर माहेर तुटतला काय?’
ते कायद्यात नाही, मी म्हटलं.
कायद्यात एवढंच, की हिस्सा भावांइतकाच,
सही कुणाला करून घेता येत नाही,
आणि एकदा केली की
परत मिळवायला उरलेला जन्म लागतो.
मी वकील नाही, हेही सांगितलं.

भाऊ चहा घेऊन आले, माझ्यासाठीही एक.
थोरल्याने पेनचं टोपण काढून पुढे धरलं.
तिने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला,
म्हणाली, चष्मा घरी राहिला रे,
वाचल्याशिवाय कशी करू.
चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता.
भावांनी पाहिला. मी पाहिला.
टायपिंगचे दोनशे तिने
कनवटीचे काढले, मोजून दिले,
आणि कागदाची घडी घातली,
चार पदरी.